काटा कोणाच्या हाती?



दिवाळी सरली की आपल्या वऱ्हाडात कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाशी रांगा लावतात. तुमच्यापैकी कित्येक जण वडिलांबरोबर किंवा काकांबरोबर अशा रांगेत उभे राहिले असतील. तेथे काय घडते ते आठवा. भरलेली गाडी आधी मोठ्या काट्यावर उभी करतात आणि आकडा लिहून घेतात. कापूस उतरला की तीच गाडी रिकामी तोलतात. दोन आकड्यांची वजाबाकी केली की कापसाचे वजन मिळते. या वजाबाकीत पंधरा-वीस किलोंची गफलत झाली, तरी शेतकरी लगेच हटकतो, आणि ते योग्यच आहे. वर्षभराच्या घामाचा तो हिशेब असतो.

आता याच शहरातल्या रस्त्यावर या. वाळूने, गिट्टीने किंवा सिमेंटने भरलेली मालमोटार तुमच्या शाळेवरून जाते. तिच्यात किती टन माल आहे? कायद्याने किती असायला हवा? हे दोन प्रश्न त्या ठिकाणी सहसा कोणी विचारत नाही. चौकातल्या पोलिसापाशी शिटी असते, चलनाचे यंत्र असते, पण काटा नसतो.

असे का व्हावे? कापसाचा धनी काट्याजवळ जातीने उभा असतो. रस्त्याचे धनी आपण सारे आहोत, आणि म्हणूनच की काय, त्याच्या वतीने काट्याजवळ कोणी उभे नसते. ते कोणी उभे राहावे, याविषयी मला आज तुमच्याशी बोलायचे आहे. माझे मत मी आधीच सांगून टाकतो: शहरातल्या रस्त्यावर गाडी तोलण्याचा अधिकार तेथल्या प्रशिक्षित वाहतूक पोलिसांना मिळावा. मात्र अधिकाराच्या आधी त्यांच्या हाती काटा यावा. हे मत तुम्ही लगेच मान्य करू नका. त्यामागचे विज्ञान आणि हिशेब तपासा आणि मग ठरवा.

डोळ्याने वजन कळते काय?

पुष्कळांना वाटते, त्यात तोलायचे काय? फुगलेली, वाकडी झालेली गाडी पाहिली की कळतेच. चला, हिशेब करून पाहू.

समजा, एका दोन आसांच्या मालमोटारीचा हौदा ५ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच आहे. त्याचे घनफळ झाले १५ घनमीटर. सैल भरलेला कापूस एका घनमीटरात पुरता २०० किलोही बसत नाही. म्हणजे हा हौदा कापसाने काठोकाठ भरला, तरी माल ३ टनांच्या आतच. उलट, वाळू एका घनमीटरात सुमारे १,६०० किलो भरते. तोच हौदा वाळूने काठोकाठ भरला तर माल झाला २४ टन!

अशा मालमोटारीचे एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, १८.५ टनांपेक्षा अधिक असता कामा नये, असा आजचा नियम आहे. गाडीचे स्वतःचे वजन साडेसहा टन धरले, तर माल भरायचा १२ टन. म्हणजे वाळू अर्धाच हौदा भरून न्यायला हवी. अर्धा हौदा पाहून आपल्याला वाटते, "ही गाडी तर रिकामीच चालली आहे." आणि बाजूंनी फुगलेली, वरून दोर आवळलेली कापसाची गाडी पाहून वाटते, "बापरे, केवढे हे ओझे!" प्रत्यक्षात कापसाची गाडी हलकी असते. उंची-रुंदीचे नियम तिने मोडले असतील, पण वजनाचा मोडला असण्याचा संभव कमी. ताडपत्री झाकून निमूट जाणारी वाळूची गाडी मात्र दुपटीने भरलेली असू शकते.

घनता हा शब्द तुम्ही आठवी-नववीत शिकता. रस्त्यावर त्याचा अर्थ असा: डोळ्याला आकारमान दिसते, वस्तुमान दिसत नाही. जुन्या पुलांच्या तोंडाशी लोखंडी कमान उभारतात, तीही उंची अडवते, वजन नव्हे. म्हणून ज्याच्यापाशी काटा नाही, त्याला वजनाचा नियम राबवता येत नाही. त्याला फक्त संशय घेता येतो.

वहीच्या पानावर पावणेतीन टनांहून अधिक

आता रस्त्याच्या बाजूने विचार करू. रस्त्याला गाडीचे एकूण वजन एकदम जाणवत नाही. चाकांच्या जोड्या ज्या दांड्यावर बसवलेल्या असतात, तो आस. चालक त्याला ॲक्सल म्हणतात. एकेक आस रस्त्यावरून जाताना एकेक तडाखा देऊन जातो. म्हणून कायद्यात प्रत्येक आसासाठीही वेगळी मर्यादा घातलेली आहे. चार टायर असलेल्या मागच्या एकेरी आसाला ती ११.५ टन आहे. म्हणजे एका टायरवर आले सुमारे २,८७५ किलो.

मालमोटारीच्या टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारणपणे ८ किलो धरू. मग हे वजन पेलायला रस्त्याला टेकलेला भाग हवा सुमारे ३६० चौरस सेंटिमीटर. तुमच्या वहीचे एक पान घ्या. जवळपास तेवढीच ही जागा. वहीच्या एका पानावर पावणेतीन टनांहून अधिक भार!

हा भार रस्ता कसा पेलतो? पावसाळ्यात वावरातल्या चिखलावर फळी टाकून तुम्ही चालला असाल. पाय रुतत नाही, कारण फळी तुमचे वजन जास्त जागेवर पसरवते. रस्ता म्हणजे अशीच थरांची फळी. वर डांबराचा किंवा काँक्रीटचा थर, खाली खडी, त्याखाली मुरूम आणि सर्वांत खाली मूळची जमीन. भार खाली जाताना पसरत जातो आणि जमिनीपर्यंत पोचेतो सौम्य होतो. पण प्रत्येक तडाख्याला हे थर किंचित वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली तर ती शेवटी तुटते, तसेच येथे घडते. आधी केसासारखी बारीक भेग पडते. भेगेतून पाणी शिरते. पाण्याने खालचा थर ढिला होतो, आणि एके दिवशी तेथे खड्डा दिसतो. खड्डा पावसाळ्यात दिसला, म्हणून आपण दोष पावसाला देतो. त्याची सुरुवात मात्र पुष्कळ आधी, कोरड्या दिवसांत, जड चाकाखाली झालेली असते.

चौथ्या घाताचा हिशेब

आसावरचे वजन दुप्पट केले तर रस्त्याची झीज किती पट होईल? सहज उत्तर येते, दुप्पट. ते चूक आहे.

हे शोधण्यासाठी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ऑटावा या गावाजवळ, १९५८ ते १९६० या काळात एक मोठा प्रयोग झाला. निरनिराळ्या जाडीचे रस्त्यांचे तुकडे मुद्दाम बांधले आणि त्यांवरून ठराविक वजनाच्या मालमोटारी लष्कराच्या चालकांनी जवळजवळ दोन वर्षे फिरवल्या. आसांचे अकरा लाखांहून अधिक फेरे झाले. त्यातून असे दिसले की, रस्त्याची झीज ही आसावरील भाराच्या साधारणपणे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. हा घात सगळीकडे नेमका चारच असतो असे नाही. रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे तो कमी-अधिक होतो. पण हिशेबाला चार हा आकडा चांगला आहे, आणि आपल्याकडील रस्त्यांचे अभियंतेही भाराची तुलना करताना तोच वापरतात.

आता वही-पेन्सिल घ्या. भार दुप्पट, तर झीज २ × २ × २ × २, म्हणजे १६ पट. भार ३० टक्क्यांनी जास्त, तर १.३ चा चौथा घात, म्हणजे जवळजवळ २.९ पट. मोटारीच्या एका आसावर अर्धा टन भार धरला, तर ११.५ टनांचा आस तिच्या २३ पट झाला. २३ चा चौथा घात करून पाहा. उत्तर येईल २,७९,८४१. म्हणजे मालमोटारीचा एक मागचा आस एकदा गेला, की मोटारीच्या आसाने पावणेतीन लाखांहून अधिक वेळा जावे इतकी झीज होते. तुमच्या सायकलीचा तर प्रश्नच नाही.

वाळूच्या गाडीकडे पुन्हा वळू. २४ टन वाळू न्यायची आहे. नियमाने नेली तर १२ टनांच्या दोन फेऱ्या होतील. नियमाप्रमाणे भरलेल्या मागच्या आसाची झीज १ एकक मानली, तर दोन फेऱ्यांची झाली २ एकके. आता सगळी वाळू एकाच फेरीत कोंबली आणि जादा १२ टनांपैकी ९ टन मागच्या आसावर आले असे समजू. तो आस झाला २०.५ टनांचा. २०.५ भागिले ११.५, आणि त्याचा चौथा घात: सुमारे १०. म्हणजे गाडीवाल्याची एक फेरी वाचली, पण रस्त्याने दोनऐवजी दहा एकके झीज सोसली. वाचलेले डिझेल एकाच्या खिशात गेले. झिजलेला रस्ता मात्र सर्वांच्या कराच्या पैशातून दुरुस्त होणार. हा व्यवहार तुम्हाला न्याय्य वाटतो काय?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कायद्यातली मर्यादाही निसर्गाने घालून दिलेली नाही. २०१८ सालापर्यंत अशा मागच्या आसाला १०.२ टनांची मर्यादा होती आणि दोन आसांच्या गाडीला १६.२ टनांची. त्या वर्षी केंद्र शासनाने त्या वाढवून अनुक्रमे ११.५ आणि १८.५ टन केल्या. आसाचा भार वाढला सुमारे १३ टक्के. चौथ्या घाताने झीज वाढली सुमारे ६० टक्के. मालवाहतूक स्वस्त व्हावी हा त्यामागचा हेतू रास्त असेल. पण मर्यादा आधीच सैल केल्यावर तीही मोडू देणे रस्त्याला परवडणारे नाही.

आपली काळी माती

हा हिशेब साऱ्या जगाला लागू आहे. वऱ्हाडात त्यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. ज्या काळ्या मातीने आपल्याला कापूस दिला, तीच रस्त्याची वैरी आहे. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते. पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या तुम्ही पाहिल्याच आहेत. रस्त्याखालची जमीन अशी वर-खाली होत असेल, तर वरची फळी कशी शाबूत राहणार?

जमिनीची ताकद मोजण्याची एक कसोटी अभियंते वापरतात. चांगल्या दाबलेल्या खडीला १०० गुण दिले, तर भिजलेल्या काळ्या मातीला बहुधा २ ते ४ गुण मिळतात. म्हणूनच आपल्याकडे रस्ता बांधताना मुरमाचा जाड थर द्यावा लागतो किंवा मातीत चुना मिसळावा लागतो. आणि म्हणूनच जो जादा भार दुसरीकडचा कातळावरचा रस्ता काही वर्षे सोसेल, तो येथे एका पावसाळ्यात रस्ता खचवू शकतो.

तुम्हाला आठवत असेल, जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्या विक्रमाची नोंद झाली. आपल्या भागाला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण रस्ता वेगाने बांधणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो सावकाश झिजू देणे महत्त्वाचे आहे, आणि या दुसऱ्या गोष्टीचे विक्रम कोणी नोंदवत नाही. महामार्ग निदान जड वाहतुकीचा विचार करून बांधतात. शहरातल्या पेठेतला रस्ता तसा नसतो. त्याच्या खालून पाण्याचे नळ जातात, गटारे जातात. अप्पर वर्धा धरणातून अमरावतीला आणि महानच्या काटेपूर्णा धरणातून अकोल्याला जे पाणी येते, ते शेवटी अशाच रस्त्यांखालून तुमच्या घरी पोचते. कमी खोलीवरचा नळ जड चाकाखाली फुटला, तर पाणी वाया जाते, आणि तेच पाणी रस्त्याखालची काळी माती भिजवते.

पुलांचे तर आणखी नाजूक. अकोला-अकोट मार्गावर गांधीग्रामजवळ पूर्णा नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल तडा गेल्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये वाहतुकीला बंद करावा लागला. त्याचा दोष एकट्या जड गाड्यांवर टाकणे शास्त्रीय होणार नाही; पुलाचे वयही पुष्कळ झाले होते. पण एक पूल बंद पडला की रोजच्या जाण्यायेण्याचे काय हाल होतात, ते अकोट भागातल्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर ओझे देताना आपण दहा वेळा विचार करतो. म्हाताऱ्या पुलाबाबतही तसाच करायला हवा.

अधिकार कोणाचा?

गाडीच्या ओझ्यावर मर्यादा घालणे ही काही आजची कल्पना नव्हे. रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या पाचव्या शतकात जे कायदे एकत्र केले गेले, त्यांत बैलगाडीवर १,५०० रोमन पौंडांहून, म्हणजे सुमारे ४९० किलोंहून अधिक ओझे लादू नये असा नियम आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात अरुंद चाकांनी रस्ते चिरतात म्हणून जड गाड्यांची चाके रुंद असावीत असा कायदा झाला आणि नाक्यांवर गाड्या तोलण्याची यंत्रे बसली. म्हणजे रस्ता जेवढा जुना, तेवढाच हा तंटाही जुना.

आपल्याकडे या बाबतीत १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. त्यातली चार कलमे ध्यानात ठेवा. कलम ११३ वजनाची मर्यादा सांगते. कलम ११४ प्रमाणे, राज्य शासनाने ज्यांना अधिकार दिला आहे त्यांना संशय आल्यास गाडी काट्यावर न्यायला लावता येते. कलम ११५ प्रमाणे, रस्त्याच्या किंवा पुलाच्या स्थितीमुळे अथवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी ठराविक रस्त्यांवर ठराविक गाड्यांना बंदी घालता येते. आणि कलम १९४ शिक्षा सांगते: २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड, शिवाय जादा मालाच्या दर टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली बजावले होते, की पैसे भरून जादा ओझे तसेच पुढे नेण्याची मुभा देता येणार नाही. दंड म्हणजे रस्ता तुडवण्याचे भाडे नव्हे.

कायदा तर चांगला आहे. मग अडते कोठे? कामाच्या वाटणीत. गाडी तोलणे आणि जादा वजनावर कारवाई करणे हे काम आपल्याकडे प्रामुख्याने परिवहन विभागाच्या मोटार वाहन निरीक्षकांचे मानले जाते. त्यांच्याकडे परवाने, नोंदणी, गाड्यांची तपासणी अशी ढीगभर कामे असतात, आणि त्यांची पथके असतात ती बहुधा महामार्गावर. शहरातला रस्ता महानगरपालिकेचा. तो फुटला की दुरुस्ती तिने करायची. पण गाडी थांबवण्याचा अधिकार तिला नाही. चौकात रोज हजर असतो तो वाहतूक पोलीस. अमरावतीला पोलीस आयुक्त आहेत, अकोल्याला जिल्हा पोलीस अधीक्षक. दोन्ही ठिकाणी जड वाहनांना अमुक वेळी प्रवेश बंद अशा पाट्या दिसतात. म्हणजे शहराचा पोलीस गाडीला घड्याळ दाखवतो, काटा दाखवत नाही. बंदीची वेळ संपली की दुप्पट भरलेली गाडीही उजळ माथ्याने आत येते. महामार्गावरचा काटा ज्याला चुकवायचा असतो, त्याला तर शहरातली आडवाट सोयीचीच.

म्हणजे ज्याचा रस्ता, त्याला अधिकार नाही. ज्याला अधिकार, तो तेथे नाही. आणि जो तेथे आहे, त्याच्यापाशी काटा नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की राज्य शासनाने या दोन्ही शहरांतल्या निवडक वाहतूक पोलिसांना प्रशिक्षण देऊन तोलण्याचा अधिकार द्यावा आणि शहराच्या प्रवेशमार्गांवर त्यांना नेता येण्याजोगे काटे द्यावेत. असे काटे आज मिळतात. पाटासारखी पट्टी चाकाखाली ठेवतात. तिच्या आतल्या धातूच्या ठोकळ्याला चिकटवलेली बारीक तार भाराने किंचित ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो, आणि तो बदल मोजून यंत्र वजन सांगते. विद्युतरोधाचा धडा तुम्ही शिकताच. हा त्याचाच उपयोग. गाडी चालत असतानाच वजनाचा अंदाज घेणारे काटेही टोलनाक्यांवर बसवलेले असतात. बाहेरही अशी उदाहरणे आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ठराविक शहरांच्या पोलिसांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र दिल्यावरच हा अधिकार मिळतो.

आक्षेप आणि उत्तरे

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप: आणखी एका हाती अधिकार दिला, तर चिरीमिरीचे आणखी एक दार उघडेल. ही भीती खरी आहे. पण लाच बहुतेक वेळा संशयावर चालते. "माल जास्त दिसतो" असे म्हटले की घासाघीस सुरू होते. काट्यातून तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक आणि प्रत्येक आसाचे वजन छापलेली पावती बाहेर पडली, तिची प्रत आपोआप कार्यालयात गेली, आणि काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असला, तर घासाघिशीला जागा कमी उरते. म्हणूनच मी म्हणतो, आधी काटा, मग अधिकार. काट्यावाचून अधिकार देण्यापेक्षा तो न दिलेलाच बरा.

दुसरा आक्षेप: यात गरीब चालक भरडला जाईल. गाडीत किती माल भरायचा हे पुष्कळदा तो ठरवतच नाही. हेही खरे. कायद्यानेही ते ओळखले आहे. गाडी चालवणाऱ्याप्रमाणेच जादा माल भरून ती चालवू देणाराही शिक्षेला पात्र आहे, आणि चालक मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते. तेव्हा पावती चालकाच्या हाती देऊन थांबू नये. ती मालकापर्यंत आणि माल भरणाऱ्यापर्यंत पोचावी. शिवाय जादा भाराने ब्रेक तापतात, टायर फुटतात, आणि तेव्हा पहिला जीव धोक्यात येतो तो चालकाचाच. वस्तुमान दुप्पट, तर त्याच वेगाला गतिज ऊर्जाही दुप्पट. ती सारी ब्रेकलाच गिळावी लागते. शाळा सुटल्यावर रस्त्यावर येणाऱ्या सायकलींच्या घोळक्यापुढे अशी गाडी वेळेवर थांबली नाही तर काय होईल, ते मी लिहिण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: जादा माल उतरवायचा कोठे? भर चौकात वाळूचा ढीग घालून चालणार नाही. म्हणून महानगरपालिकेने प्रवेशमार्गाजवळ उतरवण्याची जागा राखली पाहिजे. ती नसेल, तर पोलीस दंड घेऊन गाडी सोडून देतील आणि रस्त्याला काहीच लाभ होणार नाही. तेव्हा पोलीस, परिवहन विभाग आणि महानगरपालिका या तिघांनी मिळूनच हे काम उचलायला हवे. पोलिसांना अधिकार मिळाला म्हणून निरीक्षकांचे काम संपत नाही. त्यांना जोड मिळते, एवढेच.

तुम्ही काय कराल?

एक प्रयोग करा. पत्र्याच्या थाळीत काळ्या मातीचा चार सेंटिमीटर थर द्या आणि ती पाण्याने ओलसर करा. वर दोन सेंटिमीटर भरड वाळू पसरा. वाळूवर बाटलीचे झाकण ठेवून त्यावर एक किलोचे वजन वीस वेळा ठेवा आणि उचला. झाकण किती मिलिमीटर रुतले ते पट्टीने मोजा. मग नव्या जागी दोन किलो, आणि पुन्हा नव्या जागी तीन किलो घेऊन तेच करा. हाच प्रयोग कोरड्या मातीवर आणि वाळूचा थर दुप्पट करून पाहा. आकडे तक्त्यात मांडा आणि आलेख काढा. तुमचा आलेख सरळ रेषेत येतो की वाकतो, ते पाहा. थाळीतला रस्ता खऱ्या रस्त्यासारखा हुबेहूब वागणार नाही. कोठे वेगळा वागला, तेही लिहा.

दुसरे काम शिक्षकांच्या मदतीने करायचे आहे. शाळेच्या आवारातून, रस्त्यावर न उतरता, एक तास जड गाड्यांची नोंद करा. दोन आसांच्या किती, तीन किंवा अधिक आसांच्या किती, कापूस, वाळू, गिट्टी, सिमेंट यांपैकी काय भरलेले आणि हौदा किती भरलेला. वर दिलेल्या रीतीने घनफळाला घनतेने गुणून वजनाचा अंदाज काढा. गाड्यांचे क्रमांक लिहू नका आणि कोणावर आरोप करू नका. अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. पण पंधरा दिवसांच्या अशा नोंदी घेऊन तुमचे मुख्याध्यापक महानगरपालिकेत किंवा वाहतूक पोलिसांकडे गेले, तर त्या वहीला किंमत येईल. तक्रार सगळेच करतात. आकडे फार थोडे जण नेतात.

जिनिंगच्या काट्याजवळ शेतकरी उभा राहतो, कारण कापूस आपला आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. रस्ताही आपला आहे. त्याच्या काट्याजवळ आज कोणी नाही. तेथे पोलीस उभा राहावा असे मला वाटते. तुम्हाला तसे वाटत नसेल, तर तेथे कोण असावे, हे हिशेबासह लिहून कळवा.